हात जपायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ३२ वर्षांच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तीन वर्षांपूर्वी स्कूटीच्या अपघातात तिच्या मणक्याला मार बसला, डी-१२ पाशी, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला इजा झाली. पायांत हालचाल नाही, संवेदना नाही. हात धडधाकट आहेत. एका पतसंस्थेचं संगणकावरचं काम ती घरून करते. घरी आई, दादा आणि वहिनी. दादा रोज काखेत हात घालून तिला पलंगावरून खुर्चीत बसवतो आणि रात्री पुन्हा पलंगावर ठेवतो. त्याची एमआयडीसीत पाळीची नोकरी आहे. दुसरी पाळी असली की दुपारी पलंगावर पडलं तर परत खुर्चीत बसवायला तो नसतो आणि संध्याकाळचं काम बुडतं, म्हणून ती सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत खुर्चीतच असते.

दोन महिन्यांपूर्वी तिने पाच-पाच किलोचे डंबेल्स मागवले आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून रोज, एकही खाडा न करता, महिनाभर व्यायाम केला. मग उजवा खांदा धरला. आता वेणी घालायलाही हात वर जात नाही. आई म्हणते, “हात तेवढे उरलेत, तेही घालवशील.” गावातली जिम पहिल्या मजल्यावर. तिथल्या मुलाने सांगितलं, “आधी चालायला लागा, मग या.” फिजिओथेरपी वर्षभरानंतर बंद झाली, कारण ‘जेवढी रिकव्हरी व्हायची तेवढी झाली’. ती विचारते, “ताई, व्यायाम करू की हात जपू? आणि जे परत यायचंच नाही त्यासाठी घाम गाळून उपयोग काय?”

प्रिय मैत्रिणी,

वयाने तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. मलाही खुर्चीत बसून २४ वर्षं झाली. माझी इजा डी-१० ची, म्हणजे तुझ्याहून थोडी वर. मी डॉक्टर नाही. इथे लिहिते आहे ते माझ्या दुखऱ्या खांद्यांनी शिकवलेलं, आणि त्या खांद्यांवर दोन वर्षं मेहनत घेतलेल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी.

तुझ्या पत्रात डंबेल्सबद्दल पानभर मजकूर आहे आणि दादाच्या पाळीबद्दल एकच ओळ. मी त्या ओळीपाशीच थांबले. सकाळी नऊ ते रात्री साडेअकरा, म्हणजे साडेचौदा तास एका बैठकीत. व्यायामाचं पुढे बोलू, आधी हे. आपल्या बैठकीची कातडी दुखलं-खुपलं तरी कळवत नाही. तिथे तासन्‌तास दाब राहिला की रक्त पोचत नाही, आणि जखम आत खोलवर सुरू होते. वरून दिसतो तो नुसता लाल डाग. एकदा बेडसोअर झाला की महिनेच्या महिने पालथं पडून काढावे लागतात आणि तेवढ्या काळात कमावलेली सगळी ताकद जाते. म्हणून आजपासून दर अर्ध्या तासाला चाकांचे ब्रेक लाव आणि पुढे वाक, छाती मांड्यांवर टेकेल इतकी. दोन मिनिटं तशीच राहा. पाठीत ऑपरेशनमध्ये बसवलेला रॉड असेल तर किती वाकायचं ते सर्जनना विचारून घे. तेवढं वाकता येत नसेल तर टेबलावर कोपरं टेकून पुढे झुक, किंवा एका बाजूला कलून दुसऱ्या बाजूचा कुल्ला गादीवरून सुटा कर, मग बाजू बदल. मोबाइलवर गजर लाव. कामाच्या नादात अर्धा तास कधी सरतो ते कळत नाही. आणि दुसऱ्या पाळीच्या दिवशी दुपारी तासभर तरी पलंगावर पडायची सोय करायचीच. ती कशी, त्याकडे येतेच.

मला वॉर्डात शिकवलं होतं ते वेगळं होतं. दोन्ही हात चाकांवर दाबायचे आणि अख्खं अंग वर उचलून धरायचं. मी ते नऊ वर्षं इमानाने केलं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. नवव्या वर्षी एका रात्री कूस बदलायला म्हणून उजव्या हाताने पलंगाची कड धरली आणि खांद्यातून अशी कळ आली की सकाळपर्यंत त्याच कुशीवर पडून राहिले. शेजारच्या खोलीत माणसं होती. हाक मारायची लाज वाटली. दाब काढायला उचलण्यापेक्षा पुढे वाकणं किंवा कलणं बरं, हे मला त्यानंतर कळलं. खांद्यावर भार येत नाही, आणि उचलून धरणं वीस-तीस सेकंदांत सुटतं, तर वाकून दोन मिनिटं सहज राहता येतं.

आता आईचं वाक्य. तुला ते लागलं आहे, पत्रात तू ते दोनदा लिहिलं आहेस. पण आई अर्धं खरं बोलली. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, आयुष्यभर अंगाचा भार पेलायला घडवलेला. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतीचे छोटे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात. हा सांधा हात सगळीकडे फिरावा म्हणून आहे, पलंगावरून खुर्चीत देह नेण्यासाठी नाही. आपण त्याच्याकडून पायांचं काम करून घेतो. हाताने खुर्ची चालवणाऱ्या माणसांत खांदेदुखी इतकी सर्रास आढळते ती त्यामुळेच. आईला हे शब्द माहीत नसतील, पण तिने धोका बरोबर ओळखला आहे.

चुकतं ते पुढे. हात जपायचे म्हणजे त्यांना काम द्यायचं नाही, असा अर्थ तिने काढला आणि आता तूही काढायला लागली आहेस. समज, विहिरीवरून घागर आणायची आहे. जिला जेमतेम तेवढीच घागर उचलते, तिच्यासाठी प्रत्येक खेप म्हणजे सगळी ताकद पणाला. जिला दोन उचलता येतात, ती तीच घागर अर्ध्या जोरावर आणते आणि तिचे सांधे शाबूत राहतात. तुझं वजन तेवढंच राहणार आणि पलंग-खुर्चीच्या खेपाही तेवढ्याच. हात दुबळे ठेवलेस तर प्रत्येक खेप खांद्याला महाग पडेल.

मग महिनाभराच्या व्यायामाने खांदा का धरला? तू केलेले प्रकार बघ: डंबेल डोक्यावर ढकलणं, समोर सरळ उचलणं, खुर्चीच्या हातांवर दाबून अंग वर काढणं. सगळं ढकलण्याचं. आणि दिवसभर चाकं फिरवताना तू काय करतेस? ढकलतेसच. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग रोज राबतो, पाठीकडचे स्नायू रिकामे बसतात. मग खांदे पुढे ओघळतात, पाठीला पोक येतो, आणि अशा पुढे आलेल्या खांद्याने हात डोक्यावर नेला की आतल्या दोऱ्या हाडाखाली चिमटतात. आपल्याकडे व्यायाम म्हटला की जोर-बैठका. बैठका सुटल्या म्हणून जोर दुप्पट मारले, असं तुझं झालं. शिवाय रोज, मध्ये एक दिवसही न सोडता. मेहनतीत तू कुठेच कमी पडली नाहीस, दिशा चुकली.

आणखी एक कारण तुझ्या पत्रातच आहे, तुला ते दिसलं नसावं. दादा काखेत हात घालून उचलतो. सगळा देह त्या वेळी खांद्यांना टांगला जातो. हे उद्यापासून बंद करायला सांग. धरायचं ते कमरेला. कपड्यावरून रुंद, मजबूत पट्टा बांधायचा आणि तो दोन्ही बाजूंनी पकडायचा. दादाची पाठही त्याने वाचेल. तो कधी बोलला नसेल, पण तीन वर्षं रोज दोनदा एक माणूस उचलणाऱ्याची कंबर दुखतच असणार.

नवीन काही सुरू करण्याआधी खांदा तपासून घे, अस्थिरोगतज्ज्ञांकडून किंवा निदान चांगल्या फिजिओकडून. हात बाजूने वर नेताच येत नसेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, किंवा हाताला मुंग्या येऊन पकड सैल पडत असेल तर ते ‘होईल बरं’ म्हणून अंगावर काढायचं दुखणं नाही. तोवर डंबेल डोक्यावर नेणं बंद. दादाने उचलणंही पट्ट्याने चालू राहू दे. दुखऱ्या खांद्यावर स्वावलंबन शिकू नये, हे मी नऊ वर्षं घालवून शिकले.

व्यायाम कुठला, हे सांगण्याआधी एक जुनी हकीकत सांगते, ती इथे उपयोगाची आहे. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे १९४४ साली एक विभाग सुरू झाला. प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमान. तोवर अशी माणसं जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने थोड्याच काळात दगावायची, त्यांच्याकडून कोणी कसली अपेक्षा ठेवत नसे. गुटमान यांनी त्यांना पलंगावर पडू दिलं नाही. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्‌घाटन झालं त्याच दिवशी, त्यांनी हॉस्पिटलच्या हिरवळीवर स्पर्धा भरवली. खुर्चीतले सोळा जण, त्यांत दोन स्त्रिया. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते. आणि खेळ कुठला होता? धनुर्विद्या. तो निवडण्यामागे वैद्यकीय कारणही होतं. धनुष्य ओढताना खांदे, हात आणि पाठीचा वरचा भाग घडतो, आणि खुर्चीत ताठ बसायला तेच लागतं. तू ढकलत राहिलीस. तुला हवं आहे ते ओढणं.

धनुष्य नको, खिडकीचे गज पुरतील. मेडिकल दुकानात थेराबँड मिळतो, रबरी पट्टा. नाही मिळाला तर सायकलची जुनी ट्यूब व्हॉल्व्हचा तुकडा कापून, धुऊन घे. मी अजून तीच वापरते. तळहात काळे होतात आणि माझ्या खिडकीच्या तिसऱ्या गजावर ट्यूबचा कायमचा पट्टा उमटला आहे. खिडकीसमोर खुर्ची लाव, ब्रेक घट्ट, पाय फूटरेस्टवर नीट. ट्यूब कोपराच्या उंचीला गजात अडकव, दोन टोकं दोन हातांत. आता कोपरं अंगालगत ठेवून मागे ओढ. पाठीवरची खांद्याची दोन पाती एकमेकींकडे येतील, त्यांच्यामध्ये एक वाटाणा ठेवला आहे आणि तो चिरडायचा आहे, अशी. मान ताठ, खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. क्षणभर थांब आणि सावकाश सोड. सोडणं ओढण्यापेक्षा हळू झालं पाहिजे. निम्मं काम त्यात आहे.

दुसरा प्रकार दिसायला अगदी किरकोळ आहे, पण माझा खांदा त्याने वाचवला. घडी घातलेला नॅपकिन कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये धर, कोपर काटकोनात. ट्यूबचं एक टोक गजाला, दुसरं हातात. कोपर जागचं न हलवता नुसता पंजा बाहेरच्या बाजूला ने, दार उघडावं तसा. नॅपकिन पडला तर चुकलं. इथे ताण अगदी हलका हवा, कारण हे स्नायू बोटभर आहेत. पहिल्या आठवड्यात तुला वाटेल की हा काय व्यायाम. वाटू दे.

त्याला जोड म्हणून छाती मोकळी करायची. पलंगावर उताणी पडून हात दोन्ही बाजूंना पसर, तळवे वर, आणि चार-पाच मिनिटं नुसती श्वास घेत पडून राहा. दिवसभर आवळलेली छाती सुटते. ओढणं अंगवळणी पडलं आणि दुखणं गेलं की मगच ढकलण्याच्या व्यायामाकडे वळ, तेही दोनास एक या हिशेबाने: दोन प्रकार ओढण्याचे तर एक ढकलण्याचा.

किती करायचं? मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक सूत्रं आपल्याला झेपतील अशी आहेत. आठवड्यातून दोन दिवस, चालणाऱ्या प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी तीन-तीन फेऱ्या. आणि आठवड्यातून दोनदा किमान वीस मिनिटं, श्वास वाढेल असं काहीतरी. बस्स. रोज नाही. एका फेरीत आठ-दहा वेळा, शेवटची दोन जड जातील इतपत ताण, मध्ये दोन मिनिटं विसावा. स्नायू थकला तर चालेल, पण सांध्यात टोचलं की तिथेच थांबायचं. हा फरक चार-सहा वेळा केल्यावर आपोआप कळायला लागतो. वीस मिनिटांसाठी सकाळी शाळेच्या मैदानावर खुर्ची फिरव. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढी धाप लागली पाहिजे. एप्रिल-मे मध्ये उन्हं चढायच्या आत परत ये. इजेच्या खाली आपल्याला नीट घाम येत नाही, म्हणून अंग इतरांपेक्षा लवकर तापतं.

आता दादाच्या पाळीकडे येते. तुला वाटतं की आधी ताकद येईल आणि मग आपलं आपण पलंगावर जाता येईल. क्रम उलटाही लावता येतो. लागणारी ताकदच कमी करता येते. टेप घे आणि पलंगाची उंची गादीसकट मोज, मग खुर्चीची उंची बसायच्या गादीसकट मोज. माझ्याकडे पलंग नऊ सेंटीमीटर उंच होता. म्हणजे रोज रात्री मी एक पायरी चढत होते, फक्त हातांवर. सुताराने तासाभरात पलंगाचे पाय कापले आणि दोन वर्षांत न जमलेली गोष्ट पंधरवड्यात जमली. मला त्या दिवशी आनंदाआधी राग आला होता. कोणी आधी का सांगितलं नाही?

उंची सारखी झाली की ट्रान्सफर बोर्ड. गुळगुळीत घासलेली, कडा गोल केलेली प्लायवूडची फळी, एक टोक तुझ्याखाली आणि दुसरं पलंगावर. आधी ब्रेक, मग त्या बाजूचा खुर्चीचा हात काढायचा, पाय फूटरेस्टवरून काढून जमिनीवर टेकवायचे. मग पुढे वाकायचं, नाक गुडघ्यांच्या पलीकडे जाईल इतकं, आणि डोकं उजवीकडे नेलं की बैठक डावीकडे सुटते. सी-सॉसारखं. पहिल्यांदा कळत नाही, मग एकदम कळतं. हात अंगाजवळ ठेवायचे, लांब पसरायचे नाहीत, आणि फळीवर कातडी घासत ओढायची नाही, छोटे छोटे टप्पे घ्यायचे. फळी पहिल्यांदा वापरताना फिजिओ समोर हवा. नंतर महिनाभर दादा समोर उभा राहील, पण हात न लावता. त्याला हे सगळ्यात अवघड जाईल.

खुर्चीबद्दल थोडं. तुझी खुर्ची हॉस्पिटलातून आणलेली, घडीची, अठरा इंची बैठकीची आहे असं तू लिहिलंस आणि तू तर शेलाट्या अंगाची. म्हणजे चाकांपर्यंत पोचायला तुला दोन्ही हात पंखासारखे फाकवावे लागतात, दिवसातून शेकडो वेळा. चाकाच्या अगदी वरच्या टोकाला हात ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडं जास्त उघडं राहिलं पाहिजे, खांदे वर उचलले जाता कामा नयेत. आता आपल्या देशातही अंगाच्या मापाने खुर्च्या बनतात. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली निओफ्लाय त्यातली एक. पैसे जमेपर्यंत निदान टायरमध्ये हवा भर. मऊ टायर म्हणजे कायमचा चढ. आणि चाक फिरवताना छोटे-छोटे धक्के मारू नकोस. लांब, संथ रेटा द्यायचा, मग हात रिमच्या खालून मागे आणायचा.

जेवणाचं तू काही विचारलं नाहीस, तरी एक सांगते. वाढलेला प्रत्येक किलो हे खांदेच उचलतात. भाकरी कमी करून उपाशी राहू नकोस. उसळ, अंडी, ताक वाढव आणि कामाच्या टेबलावरचा फरसाणाचा डबा उठव.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू शेवटी ओझरता विचारलास. जे परत यायचंच नाही त्यासाठी घाम का गाळायचा? ‘रिकव्हरी झाली तेवढी झाली’ हे वाक्य नसांबद्दल होतं. तू ते स्नायूंना लावलंस, आणि मग आयुष्यालाही. इजेच्या वरचे तुझे स्नायू इतर कोणाही बाईच्या स्नायूंसारखेच आहेत. ताण दिला, विसावा दिला की वाढतात. ते तीन वर्षं वाट बघत आहेत. व्यायाम म्हणजे चालायची तयारी, हे जिममधल्या त्या मुलाच्या डोक्यात होतं आणि मला भीती वाटते की थोडं तुझ्याही डोक्यात आहे. तुझ्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. चालायला लागण्याची वाट बघत बसले असते तर पाण्यात उतरलेच नसते. आणि त्या मुलाला हेही सांग की पॅरा पॉवरलिफ्टिंग नावाचा खेळ आहे, त्यात बाकावर पडून बार छातीवरून वर रेटायचा असतो. पायांची गरजच नाही. खांदा बरा झाल्यावर जिमच्या मालकाशी तूच बोल. पहिला मजला ही खरी अडचण आहे, पण ओढायची केबल आणि बाक तळमजल्याच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवता येतो का, हे विचारायला काय हरकत आहे?

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं, कारण प्रत्येकाची इजा वेगळी. डी-६ किंवा त्याहून वर इजा असेल तर व्यायाम करताना अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल होणं, इजेच्या वर दरदरून घाम, ही धोक्याची खूण आहे. रक्तदाब भडकलेला असतो. ताबडतोब थांबा, ताठ बसा, कपडे सैल करा, मूत्राशय भरलं आहे का किंवा कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते पाहा, आणि लगेच उतार पडला नाही तर हॉस्पिटल गाठा. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, तिथल्या डॉक्टरांनाही सांगावं लागू शकतं. एवढ्या वरच्या इजेत नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, म्हणून घड्याळातल्या आकड्यावर न जाता धापेवरून अंदाज घ्या. मानेची इजा असून पकड नसेल तर ट्यूब क्रेप बँडेजने पंजाला बांधता येते. लहानपणी पोलिओ झालेल्यांनी मात्र दमछाक होईपर्यंत कधीच करू नये. दुसऱ्या दिवशीपर्यंत थकवा उरला तर ते जास्त झालं. आणि आपण सगळ्यांनीच: व्यायामाआधी लघवी मोकळी करायची, ताप असेल त्या दिवशी सुट्टी, रात्री आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात बैठकीची कातडी बघायची. पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात. पाय कुठे अडकला, मुरगळला आणि नंतर सुजला किंवा गरम लागला तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढा.

राहिले दादा आणि आई. तू लिहिलंस की ‘मला कोणावर अवलंबून राहायचं नाही’. हे वाक्य मी पण खूप वर्षं म्हटलं. मला वाटतं तुला हवं आहे ते थोडं वेगळं: कधी झोपायचं हे तुला ठरवायचं आहे. तेवढं मिळालं तर बाकी मदत घ्यायला जड जात नाही. मी आजही बाथरूमच्या ओल्या फरशीवर बहिणीला बोलावते. दादाला ‘आता तुझी गरज नाही’ असं ऐकू येऊ नये, याची काळजी घे. त्याला सांग, ‘सहा महिने मला शिकायला मदत कर’. पट्टा, फळी, पलंगाचे पाय, हे सगळं त्याच्याच हातचं काम आहे. वहिनींना दुपारच्या पाळीसाठी फळी धरायला शिकव. उचलायचं नसल्यामुळे ते त्यांनाही जमेल, आणि तुझ्या दुपारच्या पडण्याचा प्रश्न सुटेल.

आईशी वाद घालू नकोस. पहिल्या दिवशी तिला खिडकीपाशी स्टूल घेऊन बसव आणि तुझ्या पाठीवर, दोन पात्यांच्या मध्ये हात ठेवायला सांग. ट्यूब ओढलीस की तिच्या तळव्याखाली स्नायू आवळलेला तिला कळेल. तू दहा मोज, ती चूक-बरोबर सांगेल. माझ्या आईने पहिल्या आठवड्यात एक शब्द उच्चारला नाही, नुसता हात ठेवून बसायची. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, “डावीकडून कमी ओढतेस.”

खांद्याचा रिपोर्ट आला की लिही. त्याआधी आजच संध्याकाळी मोजून दोन आकडे कळव: पलंगाची उंची आणि खुर्चीची.

तुझी,
ताई